मुंबईत गाडी बदलताना मिळालेले चार-सहा तास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर, लातूर, कोल्हापूरहून सकाळी मुंबईत उतरायचं आणि संध्याकाळी किंवा रात्री कोकणाकडे, गुजरातकडे, दक्षिणेकडे जाणारी गाडी धरायची, असा प्रवास करणाऱ्यांचे हे प्रश्न आहेत. विमान बदलणाऱ्यांसाठी शेवटचा प्रश्न आहे. उत्तरं अशी लिहिली आहेत की हवा तो प्रश्न थेट वाचता येईल.

१. तिकिटांप्रमाणे मध्ये पाच तास आहेत. फिरायला खरे किती मिळतील?

साधारण सव्वादोन. हिशोब असा: पहिली गाडी अर्धा तास उशिरा येईल असं धरा, कारण कल्याणनंतर लांबच्या गाड्या लोकलच्या गर्दीत रेंगाळतात. उतरणं, हात-तोंड धुणं, सामान ठेवणं यात अर्धा तास. टर्मिनस बदलायला पाऊण तास. परतल्यावर सामान सोडवून गाडी सुटण्याआधी निवांत फलाटावर असण्यासाठी एक तास. ३०० मिनिटांतून १६५ गेली, उरली १३५.

दोन्ही गाड्या एकाच टर्मिनसच्या असतील तर तीन तास मिळतात. मधला वेळ मुळातच तीन तासांचा असेल तर बाहेर फिरण्याचा विचार सोडा आणि स्टेशनसमोर नीट बसून जेवा. घाईत पाहिलेल्या गेटवेपेक्षा ते बरं.

२. एक गाडी सीएसएमटीला (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) येते, दुसरी एलटीटीहून (लोकमान्य टिळक टर्मिनस) सुटते. आधी फिरू की आधी टर्मिनस बदलू?

आधी बदला. या पानावरचा एकच सल्ला लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा: पुढची गाडी जिथून सुटते तिथे सामान आधी पोहोचवा, आणि मग फिरा. उलट केलं तर परतीच्या ऐन गर्दीत पाठीवर बॅगा येतात, शिवाय फिरताना मन घड्याळातच राहतं. सकाळी नऊला उतरलात तर सामान घेऊन शहराबाहेरच्या दिशेने जाणाऱ्या लोकलला गर्दी कमी असते. तीच वाट संध्याकाळी सहाला पायदानावरही उभं राहू देत नाही.

अपवाद: पुढची गाडी एलटीटी किंवा वांद्रे टर्मिनसची आहे आणि ती रात्री दहानंतर सुटते. अशा वेळी सामान सीएसएमटीला ठेवून दिवसभर दक्षिण मुंबई पाहा. फक्त सामान घेऊन निघताना लोकल नको, टॅक्सी करा आणि दीड तास हाताशी ठेवा.

३. एका टर्मिनसवरून दुसऱ्यावर जायचं कसं?

सीएसएमटी ते दादर: मध्य रेल्वेची फास्ट लोकल, साधारण पंधरा मिनिटं. दुसऱ्या वर्गाचं तिकीट ५ रुपये.

दादर ते मुंबई सेंट्रल किंवा वांद्रे: दादरला पूल ओलांडून पश्चिम रेल्वेवर या. डिसेंबर २०२३ पासून दादरचे फलाट सलग क्रमांकांचे आहेत, १ ते ७ पश्चिमेचे आणि ८ ते १४ मध्यचे. जुन्या आठवणीवर विसंबणारे इथे हमखास चुकतात. मुंबई सेंट्रलला लोकलचं स्टेशन आणि टर्मिनस एकमेकांना लागून आहेत.

वांद्रे टर्मिनस मात्र वांद्रे स्टेशनला लागून नाही. वांद्रे पूर्वेला उतरून रिक्षा करावी लागते. त्याहून सोपं म्हणजे स्लो लोकलने खार रोडला उतरा. तिथल्या दक्षिणेकडच्या पुलाला जोडलेला लांब पादचारी पूल थेट टर्मिनसच्या फलाटांवर उतरतो, रिक्षावाल्याशी घासाघीस नाही. फास्ट लोकल खारला थांबत नाही, हे लक्षात ठेवा.

एलटीटी, म्हणजे लोकांच्या तोंडचं कुर्ला टर्मिनस: त्याला सर्वांत जवळचं स्टेशन कुर्ला नसून लोकलच्या हार्बर मार्गावरचं टिळकनगर आहे. तिथून दहा मिनिटं चालत. सीएसएमटीहून पनवेल, बेलापूर किंवा वाशी लोकल पकडा. वांद्रे किंवा गोरेगाव लिहिलेली हार्बर लोकल वडाळ्यानंतर दुसऱ्या बाजूला वळते. तिच्यात बसलात तर टिळकनगर येणारच नाही. दादरहून येणाऱ्यांनी मध्य रेल्वेने कुर्ल्याला उतरून हार्बरने एक स्टेशन पुढे जावं, नाहीतर कुर्ल्याहून रिक्षा करावी.

आणखी एक: नागपूर-मनमाडकडून येऊन कोकणात जाणाऱ्यांच्या हाती वेळ कमी असेल तर सीएसएमटीपर्यंत येऊच नका. कोकणकन्या ठाण्याला आणि पनवेललाही थांबते. ठाण्यालाच उतरा आणि चढण्याचं स्थानक आधीच ऑनलाइन बदलून घ्या. न बदलता पुढच्या स्थानकावर चढायला गेलात तर तुमची जागा टीसी दुसऱ्याला देऊ शकतो. बदलल्यावर मूळ स्थानकावरून चढण्याचा हक्क राहत नाही.

४. सामान कुठे ठेवू? क्लोकरूमवाले बॅग परत का पाठवतात?

सीएसएमटी, दादर, एलटीटी, मुंबई सेंट्रल या ठिकाणी क्लोकरूम आहे. बॅग परत येण्याचं नेहमीचं कारण एकच, कुलूप. प्रत्येक नगाला कुलूप हवं, पाठीवरच्या सॅकलाही. सॅकच्या दोन चेनच्या कड्या एकत्र घेऊन त्यांत छोटं कुलूप अडकवलं की चालतं. चेनला कड्या नसतील तर ती सॅक मोठ्या बॅगेत घाला. कापडी पिशवी आणि खाऊचं खोकं घेत नाहीत, म्हणून गावाकडचं तांदूळ-लोणचंही कुलपाच्या बॅगेतच बसवा.

सोबत प्रवासाचं तिकीट आणि ओळखपत्र लागतं. सामान स्कॅनरमधून जातं. पावतीचा मोबाइलवर लगेच फोटो काढा, कारण पावती हरवली की सामान सोडवायला अर्ज आणि पुरावे लागतात आणि गाडी थांबत नाही. औषधं, चार्जर, पैसे, पुढचं तिकीट आणि पाण्याची बाटली अंगावरच्या छोट्या पिशवीत ठेवा.

५. बॅगा घेऊन लोकलमध्ये चढता येतं का?

दुपारी अकरा ते चार, रविवारी, आणि गर्दीच्या उलट्या दिशेला येतं. सकाळी आठ ते अकरा शहराकडे आणि संध्याकाळी पाच ते नऊ शहराबाहेर, ट्रॉली बॅग घेऊन फास्ट लोकलला हात लावू नका. चढणं एक वेळ जमेल, उतरणं जमत नाही. दादरला उतरायचं असेल आणि तुम्ही आत ढकलले गेलात तर थेट कुर्ला किंवा घाटकोपर येतं.

गर्दीतच जायची वेळ आली तर स्लो लोकल घ्या. सुरुवातीच्या स्टेशनवरून, म्हणजे सीएसएमटी किंवा चर्चगेटहून चढा. चढल्यावर पुढच्याला विचारा, "दादरला उतरणार का?" तो "हो" म्हणाला तर त्याच्या मागे उभे राहा. ही इथली रीत आहे, कुणी वाईट मानत नाही. प्रथम वर्गाच्या डब्यावर लाल-पिवळे तिरपे पट्टे असतात. त्यात दुसऱ्या वर्गाचं तिकीट घेऊन चढलात तर दंड ठरलेला.

६. लोकलचा इंडिकेटर वाचायचा कसा?

चार गोष्टी पाहा: शेवटचं स्टेशन, फास्ट की स्लो, सुटण्याची वेळ आणि डबे किती. पहिल्या दोन तर सगळेच पाहतात. फसवते ती चौथी. १५ डब्यांची गाडी अख्खा फलाट व्यापते, १२ डब्यांची नाही. फलाटाच्या टोकाला सावलीत उभे राहिलात आणि १२ डब्यांची आली, तर बॅग ओढत पळावं लागतं. म्हणून फलाटाच्या मध्याकडे उभे राहा.

तिकीट खिडकीवर, स्टेशनवरच्या यंत्रावर किंवा रेलवन अ‍ॅपवर मिळतं. अ‍ॅपवरचं तिकीट स्टेशनात शिरण्याआधी काढा.

७. सीएसएमटीजवळ अडीच तास आहेत. नेमकं काय पाहू?

चालत पाहा, वाहन नको. सुरुवात स्टेशनपासूनच करा. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी आखलेली ही इमारत १८७८ ते १८८८ या काळात उभी राहिली आणि २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. उतारू सहसा फलाटावरून थेट टॅक्सीकडे वळतात आणि ती त्यांना दिसतच नाही. रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूला या आणि मागे वळा. मग घुमट, त्यावरचा पुतळा, पावसाचं पाणी तोंडातून सोडणारे दगडी प्राणी आणि खांबांवरची मोर-माकडं दिसू लागतात. महापालिकेची इमारतही त्याच स्टीव्हन्सची, १८९३ ची.

तिथून दादाभाई नौरोजी रस्त्याने हुतात्मा चौक, पंधरा मिनिटं. १८६४ चं फ्लोरा फाउंटन आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचं स्मारक शेजारी शेजारी आहेत. स्मारकापाशी दोन मिनिटं थांबाच. पुढे काळा घोडा. जहांगीर कलादालन सकाळी अकरा ते संध्याकाळी सात उघडं, प्रवेश मोफत, अर्ध्या तासात नीट पाहून होतं. समोरचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सव्वादहा ते सहा. त्याला दोन तास देता येत असतील तरच तिकीट काढा. येत नसतील तर बाहेरून इमारत पाहून पुढे चला. पाच-सात मिनिटांवर गेटवे. परतताना टॅक्सी, मीटरने साधारण पन्नास-साठ रुपये.

खाण्यासाठी स्टेशनसमोर 'आराम'चा वडापाव आणि थालीपीठ, किंवा जवळच 'पंचम पुरीवाला'. दोन्ही ठिकाणी वीस मिनिटांत मोकळे होता.

घरच्यांसाठी खरेदी करायची असेल तर उलट दिशेला महात्मा जोतिबा फुले मंडई, लोकांच्या तोंडी क्रॉफर्ड मार्केट, दहा मिनिटांवर. पण मंडई आणि काळा घोडा, दोन्ही अडीच तासांत बसत नाहीत.

८. दादरला उतरतो, पुढची गाडीही दादरहूनच. सीएसएमटीला जाऊन यावं का?

गरज नाही. मराठी माणसाला दादरमध्ये चार तास कमी पडतात.

पहाटे उतरलात तर पश्चिमेला स्टेशनलगतचा फूलबाजार आधी. सहा-सातला तो रंगात असतो. झेंडू-शेवंतीचे ढीग, डोक्यावर पाट्या घेऊन धावणारे हमाल आणि पायाखाली ओला चिखल, म्हणून चपला जपून. नऊनंतर त्यात राम राहत नाही. नाश्त्याला स्टेशनजवळच 'मामा काणे'. गोखले रस्त्यावर 'प्रकाश'मध्ये साबुदाणा वडा आणि पियुष, त्याच भागात 'आस्वाद'ची मिसळ. शनिवार-रविवारी बाहेर नाव लिहून थांबावं लागतं, ती अर्धा तास रांग हिशोबात धरा. पुस्तकं हवी असतील तर छबिलदासच्या गल्लीत 'आयडियल'. रानडे रस्त्याने सरळ चालत गेलात तर शिवाजी पार्क आणि पुढे समुद्राला लागून चैत्यभूमी.

सिद्धिविनायकाला टॅक्सी किंवा मेट्रो (प्रश्न ११). मंगळवारी, चतुर्थीला आणि विशेषतः अंगारकीला मधल्या वेळात दर्शन होईल असं धरू नका. तोकडे किंवा फाटके कपडे चालत नाहीत, मोठी बॅग तर नकोच.

९. एलटीटी किंवा वांद्रे टर्मिनसच्या आसपास काही आहे का?

चालत जाण्याजोगं नाही. पाच तास असतील तर सामान एलटीटीला ठेवून लोकलने दादर गाठा. वांद्रे टर्मिनसहून रिक्षाने पश्चिमेला बँडस्टँड आणि माउंट मेरी होतं, मात्र संध्याकाळी वांद्र्याच्या रस्त्यांवर भरवसा ठेवू नका.

१०. मुलं सोबत आहेत, त्यांना काय दाखवू? आणि घारापुरी होईल का?

मुलांसाठी भायखळा. सीएसएमटी आणि दादरच्या मध्ये आहे, फास्ट लोकलही थांबते. पूर्वेला उतरून पाच-सात मिनिटांत राणीचा बाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. पेंग्विन पाहायला मुलं खूश असतात, आणि शेजारीच १८७२ चं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. दोन्ही बुधवारी बंद.

घारापुरी नाही होत. गेटवेहून बोटीने जायला तास, यायला तास, वर पायऱ्या चढून लेणी पाहायला दोन तास, आणि भरपूर गर्दी असेल तर परतीच्या बोटीची रांग. सोमवारी लेणी बंद, आणि समुद्र खवळला की बोटी थांबतात. मधला वेळ आठ तासांहून अधिक असेल तरच विचार करा.

११. रिक्षा, टॅक्सी, बस, मेट्रो: यातलं काय घ्यावं?

रिक्षा वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला येतच नाही. दादर, मुंबई सेंट्रल, सीएसएमटी इथे रिक्षा शोधत फिरू नका. काळी-पिवळी टॅक्सी मीटरने चालते. फेब्रुवारी २०२५ पासून टॅक्सीचं किमान भाडं ३१ रुपये, रिक्षाचं २६. स्टेशनच्या दारातच अडवणारा ठोक रक्कम सांगतो. पन्नास पावलं पुढे जाऊन चालत्या टॅक्सीला विचारा, "मीटरने येणार का?" बेस्टची साधी बस १० रुपयांपासून, एसी १२ पासून.

भुयारी मेट्रो, म्हणजे अ‍ॅक्वा लाइन, ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड पूर्ण धावते. सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट, गिरगाव, मुंबई सेंट्रल, सिद्धिविनायक, दादर आणि विमानतळाची दोन्ही टर्मिनल एकाच मार्गावर आली, त्यामुळे मधल्या वेळाचं गणितच बदललं. दोन गोष्टी सांभाळा. दादरचं मेट्रो स्टेशन रेल्वे स्टेशनला लागून नाही, पश्चिमेला गोखले रस्त्याच्या बाजूला दहा मिनिटं चालावं लागतं. आणि जमिनीखाली मोबाइलची रेंज दगा देते. ऑनलाइन तिकीट वरच काढून ठेवा, नाहीतर सुटे पैसे घेऊन खिडकीवर जा.

१२. आई-वडील थकलेत. अंघोळ आणि दोन तास आडवं होण्याची सोय?

पुढच्या गाडीचं कन्फर्म तिकीट असेल तर रेल्वेच्या विश्रामकक्षाचं आरक्षण पीएनआर टाकून ऑनलाइन होतं. मोठ्या टर्मिनसवरच्या खोल्या लवकर भरतात, तिकीट काढलं त्याच दिवशी बघा. मुंबई सेंट्रलला २०२१ पासून पॉड हॉटेल आहे, म्हणजे एकावर एक रचलेले झोपण्याचे छोटे कप्पे. ते तरुणांना ठीक. गुडघे दुखणाऱ्यांनी खालचाच पॉड मागावा.

सीएसएमटीला लांबच्या गाड्या ८ ते १८ क्रमांकाच्या फलाटांवर असतात. ज्येष्ठांना टॅक्सीने आणत असाल तर पुढच्या मुख्य दाराशी न उतरता पी. डिमेलो रस्त्याकडून या. १८ नंबरचा फलाट तिथेच लागतो आणि बरंच चालणं वाचतं.

१३. गाडी रात्री बारा वाजून पाच मिनिटांची आहे. तारीख कुठली?

या चुकीने दरवर्षी कित्येकांची गाडी जाते. दादरहून सावंतवाडीला जाणारी तुतारी एक्सप्रेस ००:०५ ला सुटते. तिकिटावर १५ तारीख असेल तर १४ च्या रात्री जेवून स्टेशनवर यायचं. मधला वेळ मोजताना मुंबईत पोहोचण्याची तारीख १४ हवी. १५ ला सकाळी मुंबईत उतरलात तर गाडी आधीच निघून गेलेली असते.

पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं. जूनपासून ऑक्टोबरपर्यंतच्या तिकिटाची वेळ प्रवासाच्या आदल्या दिवशी पुन्हा पाहा. लोकल मध्यरात्रीनंतर थांबतात आणि पहाटे चारच्या सुमारास सुरू होतात. त्या वेळेत टर्मिनस बदलायचं असेल तर टॅक्सीच.

१४. पहिली गाडीच लेट झाली आणि दुसरी चुकली तर पैसे जातात का?

दोन्ही तिकिटं स्वतंत्र असतील तर जातात. ती जोडून घ्या. दुसरं तिकीट काढताना पहिल्याचा पीएनआर जोडता येतो. प्रवाशांची नावं तंतोतंत तीच हवीत आणि पहिली गाडी जिथे उतरवते तिथूनच दुसरी सुटायला हवी. जोडलेलं असेल आणि पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकली, तर पहिली गाडी प्रत्यक्ष पोहोचल्यापासून तीन तासांच्या आत टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरा. पैसे मिळतात. त्याऐवजी नंतरच्या एखाद्या गाडीत जागा मात्र रेल्वे देत नाही. टर्मिनस वेगळी असतील तर या सोयीवर विसंबू नका, वेळच जास्त ठेवा (प्रश्न १).

१५. कोणत्या दिवशी हा सगळा बेत बदलावा लागतो?

रविवारी. साधारण अकरा ते चार मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी लोकल बंद, असतो. तो कोणत्या मार्गावर आणि कुठल्या स्टेशनांदरम्यान, हे दर आठवड्याला जाहीर होतं. हार्बर बंद असेल तर टिळकनगरची वाटच बंद.

मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की सायन-कुर्ल्याकडे रुळांवर पाणी चढतं. तशा दिवशी टर्मिनस बदलून तिथेच थांबा. अनंत चतुर्दशीला दक्षिण आणि मध्य मुंबईतले कितीतरी रस्ते बंद असतात, टॅक्सी अडकते. त्या दिवशी लोकलच खरी. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनी दादर परिसर लाखो अनुयायांनी भरलेला असतो. त्या दिवशी दादरहून गाडी असेल तर तासभर आधी पोहोचा, आणि जमलं तर ठाण्याहून चढा.

१६. विमान बदलायचंय, मध्ये सहा तास आहेत. बाहेर पडू का?

आधी तिकिटावर विमानतळ पाहा. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही विमानं सुटतात. एक विमान मुंबईचं आणि दुसरं नवी मुंबईचं असेल तर सगळा वेळ रस्त्यातच जाईल. दोन्ही मुंबईचीच असतील तरी टी१ की टी२ हे पाहा, मध्ये रस्त्याने चार-पाच किलोमीटर आहेत.

पुढचं विमान देशांतर्गत असेल आणि सामान थेट पुढे गेलं असेल तर मेट्रोने टी२ हून सिद्धिविनायक किंवा सीएसएमटी करून येता येतं. सीएसएमटीला एका बाजूने पाऊण तास धरा आणि विमानाच्या दोन तास आधी परत या. पुढचं विमान परदेशी असेल तर तीन तास आधी. मग सहातून हाती काही उरत नाही, आत थांबणंच बरं. परदेशी पासपोर्टवर येणाऱ्या नातलगांना व्हिसा किंवा ओसीआय कार्ड नसेल तर बाहेर पडताच येत नाही, हे त्यांना निघण्याआधीच सांगा.